खालून फक्त पंजे दिसतात

सरकारी चित्रकला परीक्षेच्या इंटरमिजिएटमध्ये मला बी ग्रेड मिळाली होती, हे मी एका बेसावध क्षणी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून बसलो. आमच्या संकुलात आयआयटीवाले पोत्यानं आहेत, न्यूरोसर्जन आहेत, एक बाई पाणबुड्यांचं काहीतरी करतात; पण इंटरमिजिएट पास झालेला दुसरा कुणी निघाला नाही. एलिमेंटरीपर्यंत बरेच जण पोचले होते, पुढं स्मरणचित्राच्या पेपरनं त्यांचा घात केला होता. अशा रीतीनं मी कला समितीचा अध्यक्ष झालो. समितीत मी एकटाच होतो.

समितीची गरज खरी होती. हिंजवडीच्या वाटेवरच्या आमच्या संकुलात सहा इमारती, प्रत्येकी बावीस मजले, सगळ्या एकाच साच्यातल्या आणि एकाच बदामी रंगाच्या. बिल्डरनं त्यांना ए ते एफ अशी अक्षरं दिली होती आणि वर इटालियन नावंही ठेवली होती. त्यातल्या ‘व्हेरोना’ला 2020 नंतर वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे ‘कोरोना बिल्डिंग’ म्हणू लागले आणि तिथल्या फ्लॅटांची भाडी उतरली. आमच्या वास्तुशांतीला निघालेल्या दोन मावश्या शेजारच्या इमारतीत एका अनोळखी मुलीच्या डोहाळजेवणाला जेवल्या, तिची ओटी भरली, आमच्यासाठी आणलेला आहेर तिला देऊन तृप्त मनानं घरी गेल्या. आठवड्यानं त्यांचा फोन आला. ‘सून गोड आहे हो तुमची.’ आम्हाला सून नाही.

अध्यक्षाला अभ्यास हवा म्हणून मी केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराचं ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे 1960 सालचं पुस्तक मागवलं. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना लिंचनं आपापल्या शहराचा नकाशा आठवणीनं काढायला लावला होता. म्हणजे स्मरणचित्राचाच पेपर. त्यातून त्याला दिसलं की माणूस शहर डोक्यात साठवतो ते वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या जागा या पाच गोष्टींच्या आधारानं. हे पाच शब्द मी पाच स्लाइडवर घेतले. लोकांना विचारण्याचा भाग वगळला, कारण आमच्या सोसायटीत लोकांना काही विचारलं की ते उत्तर देतात.

सर्वसाधारण सभेत मी जगभरच्या भिंती दाखवल्या. मूळचे चित्रकार असलेले एडी रामा 2000 साली अल्बानियाच्या राजधानीचे, तिरानाचे महापौर झाले आणि साम्यवादी राजवटीत बांधलेल्या करड्या इमारती त्यांनी भडक नारिंगी, पिवळ्या, जांभळ्या करून सोडल्या. पुढं ते देशाचे पंतप्रधान झाले, हेही मी सांगितलं. आवाज जरा खाली आणून, पण सांगितलं. दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टर्सच्या भिंती दाखवल्या, तिथं आता लोक मुद्दाम चित्रं बघत फिरायला जातात. चेन्नईतली कण्णगी नगरची पुनर्वसन वसाहत दाखवली. वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 साली रंगवलेले भव्य दादासाहेब फाळके दाखवले. खजिनदारबाई चष्मा सावरत म्हणाल्या, ‘छान आहेत. पण हे कुठल्या विंगचे?’

प्रत्येक इमारतीला एक विषय, असं ठरलं. किल्ले सुचले, पण कुठला किल्ला कुणाला यावरून तहाची बोलणी सुरू झाली. नद्या सुचल्या, तर मुठेकाठी राहायला कुणी तयार होईना. संतांच्या नावाला सचिवांनीच हात जोडले. शेवटी पक्षी. पक्ष्यांना जात नसते, असं सचिव म्हणाले. मोराच्या बाबतीत ते फसले: सहाही इमारतींना मोरच हवा होता. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. मोर एला गेला, साळुंकी बीला, खंड्या डीला, बुलबुल ईला, सुतार एफला. आमच्या सीला आला हरियल. हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पिवळ्या पायांचा, हिरवट अंगाचा. याहून मानाची चिठ्ठी कुठली? मी जागच्या जागी टाळ्या वाजवल्या. हरियल कबुतरांच्या कुळातला, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी महत्त्वाचं वाटलं नाही, इतकंच.

पेंटर अनुभवी होता. कागदावरच्या चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी दोरी मारून भिंतीवर आखायच्या आणि चौकट-चौकट करत पक्षी वर न्यायचा, ही त्याची पद्धत. झुल्यावरून उतरलं की रस्ता ओलांडून मागं मागं जात तो डोळे बारीक करून बघायचा. काम सुरू व्हायच्या आधी त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता.

‘साहेब, खाली दरवाज्याशेजारी मोठ्ठा सी काढू का? माणसाएवढा?’

मी त्याला हसलो. अक्षर आलं की चित्राची जाहिरात होते, असं काहीतरी बोललो. खरं कारण वेगळं होतं. इंटरमिजिएटला अक्षरलेखनातच माझे मार्क गेले होते.

प्रत्येक इमारतीच्या बिनखिडकीच्या भिंतीवर, पोडियमपासून थेट बाराव्या मजल्यापर्यंत पक्षी चढले. दृश्य खरोखर देखणं होतं. मुंबई-बंगळुरू महामार्गावरून जाणाऱ्याला दोन किलोमीटरवरून कळायचं, की तो मोर, तो सुतार. अडचण एवढीच, की महामार्गावरून जाणाऱ्याला आमची सी विंग कुठं आहे हे जाणून घ्यायचं नसतं. ते जाणून घ्यायचं असतं गेटमधून आत आलेल्या माणसाला, आणि तो इमारतीच्या पायथ्याशी उभा असतो. लोधी कॉलनीच्या भिंती बुटक्या आहेत, चालणाऱ्याच्या डोळ्यांत मावतात. आमच्या भिंतीपाशी मान कितीही मोडली तरी दिसायचे फक्त पंजे. सहा इमारती, सहा जोड्या पंजे.

खजिनदारबाई पक्षिनिरीक्षक असल्यामुळं त्यांना यात काहीच अडचण दिसली नाही. गेटवर उभं राहून त्या डिलिव्हरीच्या पोरांना समजावू लागल्या, ‘अरे, सोपं आहे. सुताराची दोन बोटं पुढं, दोन मागं. खंड्याची पुढची बोटं मुळाशी जोडलेली असतात. नीट बघ ना!’ पोरगं हेल्मेटच्या काचेतून नीट बघायचं. तोवर पिझ्झा गार.

नावं तरी रुळतील असं वाटलं होतं. हरियलला सगळे पोपट म्हणू लागले, ते एक वेळ चाललं. खंड्याचं इंग्रजी नाव मात्र सर्वांना ठाऊक होतं, आणि ते पक्ष्यामुळं ठाऊक नव्हतं. डी विंगमध्ये माळ घातलेले, वर्षानुवर्षं वारी करणारे एक आजोबा राहतात. त्यांच्याकडं प्रसादाचं साहित्य घेऊन आलेला मुलगा भर दुपारी गेटवर ओरडला, ‘बिअरवाली बिल्डिंग कुठली?’ आजोबा आजही माझ्याशी बोलत नाहीत.

आमच्या इमारतीत निराळंच पेटलं. आम्ही प्रत्येक बाल्कनीला जाळी मारली आहे, एसीवर खिळ्यांच्या पट्ट्या बसवल्या आहेत, पारवे हाकलण्यासाठी काय काय केलं ते सांगायची सोय नाही. 2025 च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि सगळ्या महाराष्ट्राला कबुतरांबद्दल मत फुटलं. त्याच दिवसांत सातव्या मजल्यावरच्या कुणीतरी राज्यपक्ष्याची माहिती शोधून ग्रुपवर टाकली. पुढचा मेसेज सगळीकडं फिरला: ‘म्हणजे आपण सिंकिंग फंडातून बारा मजली कबुतर काढलं?’ मी पिवळे पाय, फळाहारी स्वभाव, झाडावरचा वावर असे बचावाचे मुद्दे लिहिले. खालून एकच उत्तर आलं: ‘कबुतर ते कबुतर.’ बायको म्हणाली, ‘अहो, ग्रुप म्यूट करा.’ मी अ‍ॅडमिन होतो.

भिंत हातची गेली तरी बेसमेंट बाकी होतं, आणि माझ्या मते दिशादर्शनाची खरी परीक्षा तिथंच. तिथं मी वारली चित्रांची वाट योजली. वारली ही मूळची लग्नघरातली कला: गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी चौक लिहितात. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडं ती आणली मी, आणि सुट्टीत कंटाळलेल्या पंचवीसेक मुलांनी. कल्पना अशी, की रॅम्पपासून लिफ्टपर्यंत भिंतीवर माणसांची रांग चालत जाईल आणि गाडी लावलेला माणूस तिच्यामागून जाईल.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर गोल डोकं. मुरलेला हात गुडघ्याच्या एका मुरडीत त्याला चालवतो, नाचवतो, पाणी भरायला धाडतो. आमच्या मुलांच्या आणि माझ्या हातून त्रिकोण नीट उतरले, मुरड राहिली. त्यामुळं आमची माणसं लिफ्टकडं निघाली आहेत की लिफ्टकडून येत आहेत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. यूकियो ओटा या जपानी डिझायनरनं काढलेला तो हिरवा माणूस, आणीबाणीच्या दारावर पळताना दिसतो तो, त्यालाही चेहरा नाही. पण तो कुठं पळतोय याबद्दल जगात कुणाला शंका येत नाही. आमच्या बेसमेंटमध्येही तो होता. मुलांनी त्याला पांढरा रंग देऊन रांगेत घेतलं होतं. होजच्या लाल पेटीवर झाड चढवलं होतं. जुलैत अग्निसुरक्षेचा बी फॉर्म द्यायला आलेला माणूस दोन्ही गोष्टी बघून बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘कलाकार कोण?’ मी मुलांकडं बोट दाखवलं.

या वाटेवर हरवायचा पहिला मान माझाच. रात्री पाहणीला उतरलो आणि हालचाल टिपून लागणारे दिवे मी चित्र निरखत निश्चल उभा राहिल्यामुळं विझले. हात हलवला, एक दिवा लागला. रांगेमागून निघालो. रांग तीन खांबांना वळसा घालून तारपा वाजवणाऱ्यापाशी आली. तिथून पुढं गेलो तर पुन्हा तारपावाला. शेवटी वॉचमनला फोन लावला.

‘कुठं आहात, साहेब?’

‘तारपावाल्याजवळ.’

‘कुठल्या?’

तारपावाला दिसायला छान दिसतो म्हणून मी प्रत्येक वळणावर एकेक काढवला होता.

‘असं करा,’ वॉचमन म्हणाला, ‘पाणी टपकतंय का बघा कुठं. आवाज येतोय? त्या आवाजाकडं जा. टिपक्याखाली निळा ड्रम आहे. ड्रमपासून डावीकडं लिफ्ट.’

मी आवाजाच्या दिशेनं गेलो. लिफ्ट होती.

नंतर मला कळलं, की अख्खं संकुल असंच चालतं. ‘ड्रमच्या अलीकडं गाडी लाव’, ‘शेवाळलेल्या खांबापाशी थांब.’ आणि त्या पावसाळ्यात भिंतीचाही प्रश्न आपोआप सुटला. डी विंगच्या बिनखिडकीच्या भिंतीमागं बाथरूमांचे पाइप आहेत. अकराव्या मजल्यावर सांधा सुटला, पाणी गिलाव्यात मुरलं, खार फुटला आणि खंड्याच्या बरोबर डोळ्यातून एक तपकिरी ओघळ पंजापर्यंत उतरला. हा ओघळ गेटवरून दिसायचा. ‘रडक्या पक्ष्याची बिल्डिंग’ आठवड्यात सर्वांच्या तोंडी बसली. तिच्यावरून बाकीच्याही लागल्या: रडक्याच्या डावीकडची, रडक्याच्या मागची, रडक्यापासून तिसरी. डिलिव्हरीवाले चुकेनात. मावश्या थेट आमच्या दारात आल्या. आजोबांचीही बिअरमधून सुटका झाली.

दिवाळीनंतर मात्र सोसायटीच्या व्यवस्थापक समितीनं वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. ठेकेदार दुर्दैवानं चांगला निघाला. त्यानं पाइपाचे सांधे बदलले, बेसमेंटचं टपकणं थांबवलं, ड्रम भंगारात दिला आणि रंग माझ्याकडून तपासून घेऊन खंड्याचा गळा पूर्वीसारखा पांढराशुभ्र करून दिला. दुसऱ्याच दिवशी डी विंगचं लग्नाचं बँड पथक एफच्या दारात वाजायला लागलं.

विशेष सभा बोलावली गेली. ओघळ पूर्ववत करावा, असा ठराव हात वर करून मंजूर झाला. सर्वांत आधी हात आजोबांचा. पुढची कार्यवाही कला समितीकडं आली. नियमाप्रमाणं तीन कोटेशनं मागवायची होती. पहिलं आमच्या पेंटरचं, पक्ष्याच्या दीडपट. ‘साहेब, पक्ष्याचा फोटो मिळतो,’ तो म्हणाला, ‘ओघळ मनानं काढावा लागतो.’ दुसरं एका आर्ट स्टुडिओचं. त्यांनी संकल्पना-टिपण जोडलं होतं, त्यात ‘विषाद’ हा शब्द चारदा होता आणि जीएसटी वेगळा.

तिसरं प्लंबरचं. अर्ध्या कागदावर, हातानं लिहिलेलं: अकराव्या मजल्यावरचा सांधा परत ढिला करून देतो, मजुरी नाही, रंग आपोआप येईल, फक्त पावसाळ्यापर्यंत थांबावं लागेल.

खजिनदारबाईंनी तिन्ही कागद टाचून फाइलला लावले आहेत. सगळ्यांत कमी दराचं कोटेशन नाकारायचं असेल तर कला समितीनं लेखी कारण द्यायचं असतं, असं त्या म्हणतात. मी कारण शोधतोय.