आवाज पडलो रे तिचो!

कलाकाराने गाजावं आणि ताबडतोब नाहीसं व्हावं. निदान वीस-बावीस वर्षं तरी कुठे दिसू नये. त्यात रसिकांची फार मोठी सोय असते. आम्ही पोट सुटवून घ्यावं, केस घालवावेत, मुलांची लग्नं लावावीत, आणि तिकडे रेकॉर्डवरच्या बाईंनी मात्र बाविशीतच ताटकळत बसावं. यात कोणाचंच नुकसान नाही. बाईंचं असेल, पण बाई रसिकात मोडत नाहीत.

आमच्या सिंधुदुर्गाला अशी आदर्श गायिका लाभली होती. लाभली म्हणजे शेजाऱ्यांची, पण आरोंद्याची खाडी ओलांडली की गोवा, आणि गाण्याला होडीचं भाडं पडत नाही. आकाशवाणी पणजी आमच्याकडे मुंबईपेक्षा खणखणीत लागायची. त्या वाटेने लोर्ना कॉर्देरो आमच्या माजघरात शिरली. ख्रिस पेरी नावाचा मडगावचा अवलिया मुंबईत ट्रंपेट आणि सॅक्सोफोन फुंकत होता. जॅझ, चा-चा-चा असलं दर्यापारचं सामान तो कोकणीत ओतायचा आणि ही मुलगी ते असं म्हणायची की वेंगुर्ल्यातल्या, सावंतवाडीतल्या ख्रिस्ती लग्नांत 'बेबदो' आणि 'पिसो' वाजल्याशिवाय वऱ्हाड जेवायला बसत नसे. पुढे पुढे हिंदू लग्नांतही ती गाणी आली. सत्यनारायणाच्या दिवशी 'बेबदो', म्हणजे दारूड्यावरचं गाणं, लाऊडस्पीकरवर वाजतंय याचं कुणाला काही वाटलं नाही. चाल चांगली असली की आमच्याकडे सगळं सोवळ्यात बसतं.

मग 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस पेरी आणि ती वेगळे झाले, आणि तिचं गाणं बंद पडलं. थोडं कमी झालं असंही नाही, बंदच. वीसहून जास्त वर्षं. माणूस म्हणून तिचं त्या काळात काय झालं असेल, याची चौकशी करण्याइतका वेळ रसिकांकडे नव्हता. आम्ही तिच्यावर प्रेम करण्यात गुंतलो होतो. एखाद्या बाईचं आयुष्य मिटून गेलं तरी तिची चार गाणी शिल्लक राहिली की आम्हाला काही कमी पडत नाही, हे मोठ्या मनाने कबूल करायला हवं.

इतकं सुरळीत चाललेलं असताना 1995 साली रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने नसता उद्योग केला. त्याने तिला शोधून काढलं, समजावलं, गायला लावलं आणि 'हॅलो लोर्ना' नावाची कॅसेट बाजारात आणली. नवी गाणी. चाळिशी उलटून पन्नाशीकडे निघालेल्या बाईचा आवाज. मिरामारच्या किनाऱ्यावर ती पुन्हा उभी राहिली तेव्हा माणसांचा दर्या उसळला होता. लोक रडले म्हणतात. रडणारच. तिच्याकडे बघून प्रत्येकाला आपण किती वर्षांचे झालो याचा हिशेब लागला.

आमच्याकडे कॅसेट आली ती गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून. वाडीतल्या एका खळ्यात तिचं रीतसर परीक्षण झालं. परीक्षक मंडळात एक गुरुजी, एक बोटवाले आणि एक काका होते, ज्यांचा स्वतःचा आवाज भजनात पेटीवाल्याने गयावया करून बंद पाडला होता. पहिलं गाणं संपायच्या आत निकाल लागला.

"आवाज पडलो रे तिचो," काका म्हणाले.

"वय झाला काका तिचा."

"वय आमचा पण झाला. आम्ही काय कॅसेट काढतंव?"

याला उत्तर नव्हतं. गुरुजींनी त्यात आणखी भर घातली की नव्या गाण्यांत 'ती मजा' नाही. ती मजा म्हणजे काय, तर 'बेबदो' पहिल्यांदा ऐकला तेव्हा गुरुजी कॉलेजात होते आणि समोरच्या बाकावर कोणी बसायचं. ते बाक, ती कोणी आणि गुरुजींची तेव्हाची कंबर या तिन्ही गोष्टी रॉनी मोन्सेरातला नव्या कॅसेटमध्ये घालता आल्या नाहीत, हा त्याचा संगीतकार म्हणून कमीपणाच.

खरी गंमत वेगळीच होती. ज्या 'जुन्या आवाजाशी' हे तोलणं चाललं होतं, तो आवाज तरी कुठला? काकांचा टेपरेकॉर्डर आखातातून आलेला. त्याचा रबरी पट्टा कधीच सैल पडलेला. पट्टा सैल पडला की फीत हळू फिरते आणि सूर खाली उतरतो. शिवाय आमची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे फितीला बुरशी. ज्या लोर्नाला काका पंधरा वर्षं 'काय गळो!' म्हणून दाद देत होते, तिचा गळा दर पावसाळ्याला अर्ध्या सुराने खाली येत गेला होता. काकांना पत्ता नाही. म्हणजे बाई मुंबईत घरी बसल्या-बसल्या मालवणात म्हाताऱ्या होत होत्या आणि ते काकांना चालत होतं. स्टुडिओत उभं राहून, स्वतःच्या गळ्याने म्हाताऱ्या झाल्या तेव्हा मात्र खपलं नाही.

हा न्याय फक्त गोयकारणीला लावला असं समजू नये. घरच्यांना आम्ही जास्त कडक असतो. रेवंडीचे नट मच्छिंद्र कांबळी घ्या. 1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं आणि मालवणी बोली मुंबईच्या रंगमंचावर ताठ उभी राहिली. प्रयोग पाच हजारांवर गेले. कांबळींनी पुढे 'पांडगो इलो रे बा इलो' केलं, 'घास रे रामा' केलं, 'वय वर्षे पंचावन्न' केलं. या शेवटच्या नावातच त्यांनी रसिकांना सूचना देऊन ठेवली होती. पण गावात ते दिसले की लोकांच्या तोंडी 'वस्त्रहरणा'तल्या भूमिकेचंच नाव, "काय तात्या सरपंच!" माणूस 2007 साली गेला, तरी आमच्या लेखी अजून त्याच तालमीत बसलाय. कोणी विचारलं की बाकीची नाटकं बघितलीस काय, तर उत्तर ठरलेलं: "बघितलंय असतंय, पण त्या दिवशी वस्त्रहरणाचो प्रयोग होतो."

रेमो फर्नांडिसचं तर विचारूच नका. ज्याने 'हम्मा हम्मा' आणि 'ओ मेरी मुन्नी' म्हटलं, त्याने पुढे 'सिम्फनिक चांट्स' काढून मंत्रांना हात घातला. पन्नाशीच्या आसपास माणूस मंत्राकडे वळला तर शेजारचे भटजी कौतुक करतात. रेमोला तेही सुख नाही. मंत्र ऐकून घ्यायचे आणि शेवटी हळूच विचारायचं, "मुन्नी कधी?"

लोर्नाबाबतचा आमचा प्रश्न शेवटी सिनेमाने सोडवला. 2014 साली बार्डरॉय बार्रेतोने 'नाचूंया कुंपासार' केला. त्यात डोना नावाची तरुण गायिका, लॉरी नावाचा बँडवाला आणि त्या काळची एकामागून एक गाणी. राष्ट्रीय पुरस्कारात तो सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला, आणि सिनेमा सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. मी दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा रुमाल लागला. पण रसिक म्हणून मला जे हवं होतं ते त्यात असं मिळालं: डोना झालेल्या पालोमी घोषच्या रूपाने बाई पुन्हा बाविशीच्या झाल्या. खऱ्या लोर्नाला त्यासाठी काही करावं लागलं नाही. वीस वर्षं गप्प बसायचं काम तिने आधीच करून ठेवलं होतं.

त्यानंतर काकांनी 'हॅलो लोर्ना' पुन्हा ऐकली. टेपरेकॉर्डर भंगारात गेला होता, नातवाने मोबाइलवर लावून दिली. आता काकांच्या कानात यंत्र आहे. दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "ह्या बरा आसा. ह्या जुना काय?" नातू म्हणाला, "होय आजोबा, तीसेक वर्षां जुना." काकांची मान डोलली. म्हणजे नव्या गाण्यातला दोष एवढाच की ते नवीन असतं. तीस वर्षं भिजत ठेवलं की निघून जातो.

मालवणच्या एका महोत्सवात परवा हे सूत्र आयोजकांनी फार शास्त्रशुद्ध राबवलं. नाव होतं जुन्या गाण्यांची सुवर्णसंध्या. ऑर्केस्ट्रात एक विशीची मुलगी होती, गळा अस्सल, 'बेबदो' अशी म्हणाली की व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांनीही मोबाइल खाली ठेवले. दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. मग तिने विचारलं, माझं स्वतःचं एक मालवणी गाणं आहे, म्हणू का?

समितीने बाजूला होऊन विचारविनिमय केला. अध्यक्ष माईकवर आले. "बाये, म्हण गो, कोणी नको म्हणूक नाय. आमचो नव्या कलाकारांका नेहमीच पाठिंबो आसा. फक्त आधी सत्कार होऊंदेत."

सत्कार एकवीस होते. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम आहे आणि आमच्याकडे नियम पाळतात. शेवटची शाल पडली तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती. मुलीने माईक हातात घेतला, कीबोर्डवाल्याने सूर दिला. मागच्या रांगेतून एक आजोबा ओरडले, "नवां नको, तांच लाव!" आणि हवालदार, आयुष्यात पहिल्यांदाच, वेळेच्या आधी आले.