ग्रीसनाना

चिखलणी संपली, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांत पॉवर टिलर धुवायला निघतात. बहुतेकांकडे हे काम दहा मिनिटांत उरकते. पऱ्याचे चार बादल्या पाणी, वर फाटकी ताडपत्री, आणि मंडळी गणपतीच्या तयारीला मोकळी. पण प्रत्येक वाडीत एक गृहस्थ असा असतो, की ज्याचे धुणे तिसऱ्या दिवशीही चालूच असते. त्याचे खरे नाव सातबाऱ्यावर काहीही असो, वाडी त्याला मागे ग्रीसनाना म्हणते आणि तोंडावर नुसते नाना.

नानांचा उगम सहसा मुंबईत असतो. कुणी गोदीत फिटर, कुणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कुणी गिरणीत जॉबर. निवृत्त होऊन गावी येताना माणसे फंडाचे पैसे आणतात. नाना त्याबरोबर स्पॅनरचा पूर्ण सेट आणि अंगठ्यावरचे न जाणारे काळे डाग आणतात. इथले कुणगे इतके लहान, की मोठा ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावर चढतो. म्हणून नाना १३ अश्वशक्तीचा व्हीएसटी शक्ती टिलर घेतात, आणि त्या दिवसापासून त्यांचे आणि गंजाचे वैर सुरू होते.

वैराला कारण आहे. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भर पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर मुक्काम ठोकून असतो. त्यात भाट्याकडून, मांडवीकडून खारे वारे. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढे दोनच पाहुणे पुरतात, मीठ आले की ते काम झपाट्याने होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा धरतो, म्हणून रोटाव्हेटरच्या पात्यांचे नट पुढच्या मिरगाला पान्यालाही दाद देत नाहीत आणि छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. थंडीच्या देशांत अवजारे हिवाळ्यात झोपतात, कोरड्या हवेत. आमच्याकडे टिलर झोपतो तो भर श्रावणात.

तर नाना रोटाव्हेटर उलटा करतात. शाफ्टला गुंडाळलेले गवताचे आणि मुळांचे वेटोळे हॅकसॉच्या तुटक्या पात्याने एकेक कापून काढतात, कारण त्या वेटोळ्यात ओल दबा धरून बसते. मग ब्रश. वायरब्रश मोठ्या भागांना, आणि सांध्यांच्या खाचांना जुने टूथब्रश. घरातला कोणता ब्रश ‘जुना’ झाला हे नाना स्वतः ठरवतात, त्यामुळे मे महिन्यात आलेली नातवंडे आपापले ब्रश उशीखाली ठेवतात. अवजार पुसून, वाळवून, पात्यांना ग्रीसचा थर, बाकीच्याला हातखंब्याच्या गॅरेजातून आणलेले जळके ऑईल. खाली सागाचे ओंडके, म्हणजे पडवीच्या जमिनीची ओल वर चढायला नको. सायलेन्सरच्या तोंडावर नारळाची करवंटी, कारण नाही झाकले तर कुंभारीण माशी तिथे मातीचा बंगला बांधते.

इंजिन नुसते ठेवूनही चालत नाही. आतल्या रिंगा धरतात. म्हणून दर शनिवारी नाना मारुतीला तेल घालून येतात आणि त्याच हाताने टिलरचे हँडल चार वेढे फिरवतात.

या सगळ्यात एक विनोद आहे, तो नानांना कुणी सांगत नाही. ज्या भिंतीच्या आडोशाला हा टिलर गंजापासून लपवलाय ती जांभ्याची, आणि जांभ्याला तो लाल रंग येतो लोखंडाच्या ऑक्साईडनेच. अंगण लाल, बांध लाल, पावसाळ्यातला पऱ्याही लाल. गंजाशी लढायला नानांनी जे गाव निवडले तेच लाखो वर्षांपूर्वी गंजून बसलेले. आणि पत्र्याला जो रेड ऑक्साईड ते दोन हात मारतात, तोही त्याच कुळातला.

वाडीला नानांचा उपयोग मात्र होतो. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग येतो, तेव्हा बोर्डो मिश्रण फवारावे लागते: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. चुना कमी पडला तर पानेच करपतात. तपासायची रीत सोपी आहे. मिश्रणात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना वाढवा. आता ही परीक्षा घ्यायला आधी स्वच्छ विळा हवा. बाकीच्यांचे विळे मुळातच तांबूस असल्याने निकाल कधी लागतच नाही. मग ‘नाना, विळा देताव काय?’ म्हणून लोक दारात. नाना विळा देतात, पण त्याच्याबरोबर स्वतः जातात, आणि थर चढला तर चुन्याआधी विळ्याची काळजी घेतात.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला दातेरी वैभव विळाही नानांकडे आहे. भाताचा चूड बुंध्याशी कापायला तो उत्तम. नानांचा विळा तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला असून घरची कापणी जुन्याच विळ्याने होते.

खंडेनवमी हा त्यांचा सण. त्या दिवशी घरोघर कोयते, पहारी, कुदळी गोंड्याची फुले वाहून मांडलेल्या असतात. लोक दर्शनाला जातात, नाना तपासणीला. हात जोडून झाले, की एक बोट कोयत्याच्या पात्यावरून फिरवतात, उजेडात धरून पाहतात आणि काही न बोलता प्रसाद घेतात. ते न बोलणे घरधन्याला आठवडाभर पुरते.

एकदा विषय निघाला की नाना दिल्लीच्या लोहस्तंभावर येतात. सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा, लोखंडात फॉस्फरस जास्त, त्याचा पातळ थर धरलेला, शिवाय दिल्लीची कोरडी हवा. ऐकणाऱ्यांत एखादा हटकून विचारतो, ‘त्या खांबान चिखलणी केलान काय कदी?’

प्रश्न वर्मी लागतो. कारण नानांना पक्के ठाऊक आहे, की दिवसभर मातीत घासला जाणारा फाळ आरशासारखा चकाकतो. गंज चढतो तो रिकामपणी. पण टिलर चिखलात घालायचा म्हटले, की त्यांच्या पोटात गोळा येतो. मिरगाला शेजारी टिलर मागायला आला, तर आधी चौकशी: दगड किती, बांध कुणाचा, धुणार कोण, धुतल्यावर पुसणार कोण? उत्तरे समाधानकारक निघेपर्यंत शेजाऱ्याने दुसऱ्या वाडीतून भाड्याचा टिलर आणून तरवा लावायलाही घेतलेला असतो.

मेच्या शेवटी वाडी आगोटीला लागते. बायका सुकट, लाल मिरची, सरपण भरतात. मिरकरवाड्यात १ जूनच्या मासेमारी बंदीआधी होड्या वर काढायची घाई. नाना तिथे जाऊन तांडेलांना होडीला काय लावता ते विचारून येतात. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला चांगले, असे एकदा कळले. ते नानांनी हाताने नांगराच्या इसाडाला चोळले. इसाड टिकले, तळहातांची साल गेली.

अशाच एका आगोटीत घरात मोठा कापा फणस पडलेला आणि मुंबईची सून, नातवंडे भोवती. फणस कापायचा तर कोयत्याला तेल हवे, नाहीतर चीक सुटत नाही. नानींनी नानांच्या फळीवरचा कोयता उचलला. तेल लावलेलाच होता. पहिला गरा तोंडात घालून सून म्हणाली, ‘आई, याला एसटी डेपोचा वास का येतोय?’

नाना पडवीतून धावत आले. गऱ्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

‘अगो, चीक वाळायच्या आत पातं पुसलंस ना?’