फाइल मॅनेजर कसा निवडावा: ज्येष्ठ बंधूंसाठी नियमावली

नियम १. नवा फाइल मॅनेजर शोधण्यापूर्वी डेस्कटॉपवरचा वॉलपेपर दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर त्यात विंडोजच्या एक्सप्लोररचा दोष नाही. (दादा, हे तुलाच उद्देशून आहे.)

नियम २. पॅनेल दोनच हवीत. १९८६ साली नॉर्टन कमांडर आला, तेव्हापासून हा प्रश्न निकालात निघाला आहे. निळा पडदा, डावीकडे एक यादी, उजवीकडे दुसरी. इकडून उचला, तिकडे ठेवा. एफ-५ म्हणजे कॉपी, एफ-६ म्हणजे हलवणे, एफ-७ म्हणजे नवे फोल्डर. एफ-८ दाबले की फाइल गेली: विंडोजवरच्या टोटल कमांडरमध्ये सहसा रिसायकल बिनमध्ये, लिनक्सवरच्या मिडनाइट कमांडरमध्ये थेट वैकुंठाला. बोटांना एकदा वळण पडले की माउस अडगळ वाटू लागतो. एक्सप्लोररला नुसते टॅब फुटायला २०२२ साल उजाडले.

नियम ३. पैसे भरावेत. टोटल कमांडर हे स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिस्लर यांचे १९९३पासूनचे काम. महिनाभर वापरून पाहा, आवडले तर पैसे द्या, असा सरळ व्यवहार. न देणाऱ्याला तो हाकलत नाही. फक्त सुरू करताना १, २, ३ यांपैकी सांगेल ते बटण दाबायला लावतो. दादा वर्षानुवर्षे निमूटपणे दाबतो आहे. वहिनी म्हणते, तेवढाच व्यायाम.

नियम ४. डिरेक्टरी ओपसच्या सेटिंगांत शिरू नये. शिरलेला माणूस जेवायला येत नाही.

नियम ५. फाइलचे एक्स्टेन्शन दिसलेच पाहिजे. एक्सप्लोरर ते आपणहून लपवतो, मग 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' नावाचा भामटा 'बिल.पीडीएफ' म्हणून दारात उभा राहतो.

नियम ६. नावे घाऊक बदलता यावीत. टोटल कमांडरमध्ये फाइली निवडून कंट्रोल-एम दाबावे. जुने नाव आणि होणारे नाव शेजारी शेजारी दिसते, आणि बिघडलेच तर अनडू आहे. बाबांची सगळी पत्रे दादाने एकट्याने बसून स्कॅन केली, पानांच्या घड्या उलगडून, एकही न फाडता. आमच्यापैकी कुणाला ते जमले नसते. पण त्यांची नावे अजून 'स्कॅन००१'पासून सुरू होतात, कारण नावे देण्यासाठी योग्य सॉफ्टवेअरचा शोध चालू आहे!

नियम ७. एक निवडल्यावर बाकीचे काढून टाकावेत. डबल कमांडर मुक्त स्रोताचा आहे, फुकट आहे, म्हणून तोही असू दे, असे म्हणू नये. आणि यातला एकही आपणहून बॅकअप घेत बसत नाही रे. पत्रांची एक प्रत बाहेर हवीच. रविवारी डिस्क घेऊन येतो. त्या दिवशी तरी 'हे एक नवीन बघ' म्हणून मला खुर्चीत बसवू नकोस.