मूळ नक्षत्रावरचे गृहस्थ

दादरच्या हिंदू कॉलनीत राहणारा माणूस कॉलनीबद्दल फारसं बोलत नाही. त्याला गाडी कुठे लावायची ही विवंचना असते. कॉलनीची थोरवी ऐकायचीच तर 'मूळचा हिंदू कॉलनीचा' माणूस गाठावा. हा हल्ली घोडबंदर रोडला सव्विसाव्या मजल्यावर राहतो. खाली पोहायचा तलाव आहे, क्लबहाउस आहे. पण कुठे राहता म्हणून विचारा, उत्तर येतं, "मूळचे आम्ही चौथ्या गल्लीतले." ठाणे नंतर येतं, तेही खोदून विचारलं तर.

असे एक मूळचे दर रविवारी आमच्या गल्लीत उगवतात. निमित्त केस कापण्याचं. डोक्यावर उरलेल्या केसांचा हिशोब केला तर केसामागे किलोमीटरभर प्रवास पडतो, पण "हात बसलाय हो त्याचा." तो हात ज्याचा होता तो केव्हाच गावी गेला. आता त्याचा मुलगा कापतो, हे त्यांना दिसत नाही. त्यांना नव्या पाट्याही दिसत नाहीत. आंबेडकर रोडला ते व्हिन्सेंट रोड म्हणतात आणि राजा शिवाजी विद्यालयाला किंग जॉर्ज. (दादर टीटीच्या बाबतीत मात्र अख्खी मुंबईच मूळची आहे. ट्राम १९६४ साली बंद झाली, ट्राम टर्मिनस अजून आहे.)

केस कापून झाले की इतिहास. तो उंदरांपासून सुरू होतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाट वस्तीत माणसं पटापट गेली, तेव्हा इंग्रज सरकारला कळलं की माणसाला हवा लागते. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि पुढे त्यानेच दादर-माटुंग्याला हे सरळ, रुंद रस्ते आखले. पलीकडे मंचेरजी जोशींनी पारशी कॉलनी वसवली, मध्ये फाइव्ह गार्डन्स. "आणि बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधायचं ठरवलं, तेव्हा जागा कुठली निवडली? राजगृह कुठे आहे?" हे विचारताना जागा दाखवायला यांचे आजोबाच पुढे होते, असा आव असतो.

शांततेचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज चढतो. "अहो, दुपारी गल्लीत झाडाचं पान पडलं तरी आमची आजी गॅलरीतून विचारायची, कोण आलंय?" पोरं संध्याकाळी बागेत सोडली की दिवेलागणीपर्यंत कुणी शोधायचं नाही. कुणाच्याही आईने कुणाच्याही पोराला रागवावं आणि वर लाडूही द्यावा. हे सगळं खरं आहे, मी साक्षीदार आहे. त्यांच्या सौभाग्यवती लालबागच्या. त्या म्हणतात, "लग्न होऊन आले ना, पहिल्या गणपतीत मला वाटलं कर्फ्यू लागलाय."

मग सोडलीत का कॉलनी, हे मी एकदाच विचारलं. तीन खोल्या, दोन भाऊ, पागडीची जागा, एवढं म्हणून ते झाडाकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं नाही.

मागच्या रविवारी त्यांच्या जुन्या इमारतीच्या जागी लावलेल्या निळ्या पत्र्यांसमोर पोरांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. चेंडू धाडकन पत्र्यावर बसला. मूळचे गरजले, "अरे, ही शांत वस्ती आहे!" त्या एका वाक्याने तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. एका पोराने अगदी नम्रपणे विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या बिल्डिंगमधले?"

मूळच्यांनी पत्र्याकडे बोट केलं. तिथे आता एक खड्डा आहे. पोराने खड्ड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हटलं, "मग अंपायर व्हाल? आमच्यात एक कमी आहे."

ते झाले. पिशवी माझ्या हातात देऊन साडेबारापर्यंत उन्हात उभे राहिले, आणि पहिलाच निर्णय चुकला. चेंडू गाडीखाली गेला की दोन रन, हा नियम गल्लीत दोनच गाड्या होत्या तेव्हाचा. आता एकच मिळतो.