कोरडवाहू कातडीची मशागत

वर्धा जिल्ह्यातली बरीचशी शेती कोरडवाहू आहे, आणि साठी उलटलेली बहुतेक कातडीही. शेतीसाठी मृगाच्या आधी मार्गदर्शन मेळावे होतात, पत्रके वाटली जातात, फलक लागतात. कातडीच्या वाट्याला मात्र टीव्हीवरची जाहिरात येते. तीत पंचविशीची एक मुलगी गालावरची रेघ दाखवून वाढत्या वयाच्या नावाने उसासा टाकते. देवळी-पुलगावकडच्या आजीला ती रेघ चष्मा लावूनही सापडत नाही. तेव्हा साठीपुढच्या सर्व खातेदारांसाठी ही हंगामी शिफारस. सातबारा सोबत आणायचे कारण नाही, तो चेहऱ्यावर लिहिलेला असतोच.

आधी जमिनीची प्रत ओळखावी. इथली काळी माती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये अशी भेगाळते की वावरात पाय मुरगळावा. टाचेचे वेळापत्रक जवळपास हेच, फक्त ती थंडीत जास्त भेगाळते. वयाबरोबर कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी मंदावतात, वरचा थर ओल धरून ठेवत नाही आणि खाली ताठरपणा देणारे कोलॅजन विरळ होत जाते. बारीक रक्तवाहिन्यांचा आधार सुटतो, म्हणून पलंगाची कड नुसती लागली तरी हातावर जांभळा डाग उमटतो. घरात लगेच ‘रक्त खराब झालं’ अशी घोषणा होते. रक्त बहुधा निर्दोष असते. ते पातळ करणारी गोळी चालू असेल तर डाग जास्त पडतात, एवढेच डॉक्टरांच्या कानावर घालावे. गोळी परस्पर बंद करू नये.

कोरडवाहूचा पहिला नियम असा की नवे पाणी आणण्याआधी असलेली ओल राखावी. डिसेंबरात आपले ज्येष्ठ नेमके उलट करतात. बादलीत वाफा निघणारे पाणी, अंगभर साबणाचा फेस, वर खरखरीत पंच्याने घासणे, आणि अर्ध्या तासाने दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहणे. खाज का सुटते, हे त्या चौकटीलाही एव्हाना कळले असेल. शिफारस अशी: पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांत उरकलेली, साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता. मग अंग टिपून, ते ओलसर असतानाच खोबरेल नाहीतर साधे व्हॅसलीन. शेतकरी यालाच आच्छादन म्हणतात आणि ते ओल उडून गेल्यावर आठवले तर उपयोग नसतो. जाड टाचांसाठी मिळणाऱ्या मलमात युरिया असतो, हे ऐकून वर्धेकरांचा विश्वास एकदम वाढेल. मात्र पोत्यातला वापरू नये.

साबणाविषयी या जिल्ह्याकडे एक नामांकित दाखला आहे. सेवाग्रामचे सर्वांत प्रसिद्ध रहिवासी उतारवयात अंगाला साबण लावत नसत. पाय घासायला त्यांच्याकडे शिष्या मीराबेनने दिलेला एक खरबरीत दगड होता. 1947 च्या जानेवारीत, नोआखालीच्या पदयात्रेत, सोबत असलेल्या नात्यातल्या मनू गांधींकडून तो आधीच्या मुक्कामी विसरला. गांधीजींनी तिला तो शोधायला एकटीला, जंगलाच्या वाटेने परत पाठवले. दंगलीने होरपळलेला मुलुख, आणि शोध टाचेच्या दगडाचा! त्या प्रसंगातून लोक निर्भयतेपासून काटकसरीपर्यंत बरेच काही शिकले. टाचा रोज निगुतीने घासाव्यात, हे मात्र कोणी शिकल्याचे दिसत नाही.

हेच गृहस्थ शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले ती तारीख 30 एप्रिल 1936. वय सहासष्ट, मुक्काम विदर्भ आणि ऋतू ऐन उन्हाळ्याचा. जागा बदलायला याहून कठीण मुहूर्त पंचांगवाल्यालाही काढता आला नसता. पण त्यांची उन्हाळी व्यवस्था चोख होती. रोजचे फिरणे, तेलाची मालिश, पोटावर आणि डोक्यावर मातीची पट्टी. 1942 साली आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त त्यांनी माती, पाणी, आकाश, सूर्यप्रकाश आणि हवा यांना औषधांच्या जागी बसवले, आणि पट्टीची माती कशी बारीक चाळून घ्यावी हेही सांगितले. आज तीच माती छोट्या डबीत, गुलाबाच्या वासासह, तुरीच्या डाळीपेक्षा महाग मिळते.

इथे अनुयायांची एक गल्लत दुरुस्त करायला हवी. निसर्गोपचाराचे नाव घेऊन बीपीच्या गोळ्या नाल्यात टाकणारे काका प्रत्येक गावात असतात. खुद्द बापूंचा रक्तदाब 19 फेब्रुवारी 1940 रोजी 220/110 नोंदलेला आहे. मातीच्या पट्टीच्या या पुरस्कर्त्याने दंडाला यंत्राची पट्टीही बांधून घेतली होती आणि आकडा लिहून ठेवू दिला होता. काकांना पहिली पट्टी तेवढी आठवते.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की शिफारशीचा सगळ्यांत अवघड भाग सुरू होतो, कारण वर्ध्याच्या माणसाला ऊन लागते हे मान्य करायला लावणे सोपे नाही. “आमी का पुण्याचे आहो का गा?” असे म्हणत तो दुपारी दोनला आर्वी नाक्यावर निघतो. साठीनंतर घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवही बोथट होते. म्हणजे विहीर आटत असते आणि मोटारीला पत्ता नसतो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, कैरीचे पन्हे घ्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल, तर त्यांचे माप पाळावे. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याबद्दल विज्ञानाचे मत प्रतिकूल आहे. तरी कांदा चाचपताना बाहेर ऊन असल्याचे माणसाला आठवते, एवढे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. सनस्क्रीन लावायचे तर चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे. देवाला गंध लावल्यासारखे लावून ते काम करत नाही. न परवडले तर जाड विणीचा दुपट्टा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. खादीच्या जिल्ह्यात एवढे जमायला हवे.

आता फवारणी.

गजकर्ण झालेला मनुष्य मेडिकलच्या काउंटरवर जातो आणि कृषी केंद्रात म्हणतो तेच म्हणतो: “भाऊ, एखादं भारी औषध देऊन द्या ना.” भाऊ एक ट्यूब देतो. तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि वर स्टिरॉइड, असा तिन्ही त्रिकाळ बंदोबस्त असतो. दोन दिवसांत खाज पळते, लाली उतरते आणि मलमाची कीर्ती शेजारच्या तीन घरांत पोचते. स्टिरॉइडने फक्त बोंब बंद केलेली असते, बुरशी आत मजेत पसरत असते. महिनाभराने जांघेतले चट्टे कमरेवर येतात. 2017 च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीने काय केले, हे इथे कोणाला सांगायला नको. बीटीचे विष पचवायला शिकलेली ती अळी होती. अर्धवट आणि चुकीच्या औषधांवर वाढलेली बुरशीही औषधांना अशीच सरावते. त्यात म्हातारी कातडी मुळातच पातळ, आणि स्टिरॉइड ती आणखी पातळ करते. गोरे होण्यासाठी चेहऱ्याला हे मलम लावणारे लोक आहेत. त्यांच्या गालांवर लाल शिरा आणि नको तिथे केस उगवतात, आणि हे पीक काढता येत नाही.

हळदीबद्दल बोलले नाही तर समुद्रपूर तालुका रागावेल. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, रंग तिचा गडद आहे आणि उटण्यात ती शोभून दिसते. उघड्या जखमेत मात्र ती कोंबू नये. वरणात घालावी आणि बाजारात भाव मागावा.

राहिली पीक पाहणी. मलम विकणाऱ्या मार्गदर्शकांत हे प्रकरण नसते, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. वर्धा जिल्ह्याने मात्र कातडी पाहणे हे काम देशात फार कमी ठिकाणी झाले असेल इतक्या गंभीरपणे केले आहे. 1936 साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, हा आजार घेऊन सेवाग्रामला आले; तेव्हा आश्रमात कुजबुज झाली आणि गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केली. 1951 मध्ये स्थापन झालेल्या, वर्ध्यातच मुख्यालय असलेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. कार्यकर्ते दारोदार जाऊन माणसांच्या पाठी पाहू लागले. मालक घरी आहेत का, हे विचारण्याऐवजी मालकांच्या पाठीवर डाग आहे का, हे विचारणारे ते बहुधा पहिलेच पाहुणे.

पाहणीची रीत आजही तीच. वर्षातून निदान एकदा, दिवसाच्या उजेडात, दुसऱ्या माणसाकडून पाठ, कंबर आणि पावले पाहून घ्यावीत. महिना उलटूनही न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, मधुमेह्याच्या तळव्याला त्याच्या नकळत झालेली चीर यांची नोंद करावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही आणि दुखतही नाही. खाजणाऱ्या चट्ट्यासाठी माणूस रात्री दवाखाना उघडायला लावील, न खाजणाऱ्याला तो वर्षानुवर्षे अंगावर बाळगतो. कुष्ठरोगाचे जंतू शरीरात शिरल्यावर लक्षण दिसायला अनेक वर्षे जाऊ शकतात, त्यामुळे सत्तरी ही काही सूट नव्हे. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते आणि आजार बरा होतो.

चट्ट्याला संवेदना आहे का, हे तपासायला सरकी काढलेला चिमूटभर कापूस पुरतो. कापसाची वात करून तिचे टोक हलकेच टेकवायचे. डोळे मिटलेल्या माणसाने कुठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवायचे. वर्धेच्या रामनगरात किंवा हिंगणघाटच्या वाड्यात, रविवारी सकाळी, हे दृश्य दिसायला हवे. अंगणात स्टूल, स्टुलावर बनियन काढून बसलेले निवृत्त हेडमास्तर, मागे चष्मा सावरत उभी असलेली बायको.

“डोळे मिटा जी.”

मास्तर मिटतात. आयुष्यभर परीक्षा घेतलेला माणूस, पहिल्यांदाच द्यायला बसलेला. थोडा वेळ शांतता. मग ते ताठ आवाजात सांगतात, “उजवा खांदा. वरच्या बाजूला.”

“थांबा ना जी,” मागून उत्तर येते, “अजून वात वळून राहिली मी.”