फ्रेंच कळतं, पण इंग्रजीत बोला

जगातल्या सगळ्यात दुर्दैवी पर्यटकाचा पुतळा उभारायचा झालाच, तर तो फ्रेंच शिकून पॅरिसला गेलेल्या अमेरिकन माणसाचा असावा. बिचाऱ्याने वर्षभर क्रियापदं घोकलेली असतात. टेबल स्त्रीलिंगी का आणि कॉफी पुल्लिंगी का, हे न विचारता पाठ केलेलं असतं. कॅफेत बसतो, घसा साफ करतो आणि 'बोंझूर, झ व्हूद्रे...' करत चाचपडत वाक्याच्या टोकाला पोचतो. वेटर सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, 'विथ मिल्क, सर?' खेळ खलास. शेजारच्या टेबलावर त्याचाच एक देशबांधव बसलेला असतो. त्याला फ्रेंचमधलं ओ की ठो येत नाही. तो लांबूनच 'टू कॉफीज!' असं ओरडतो आणि त्यालाही तीच कॉफी तेवढ्याच वेळात मिळते. कष्टाचं चीज होतं म्हणतात. फ्रान्समध्ये चीज वेगळं मागवावं लागतं.

ॲमस्टरडॅममध्ये तर तोंड उघडायचीही सोय नाही. तुमचा 'गुड मॉर्निंग'चा डच अवतार पुरा व्हायच्या आत समोरचा तुमच्यापेक्षा शुद्ध इंग्रजीत सुरू झालेला असतो. टोकियोत उलटा प्रकार. नुसते नमस्कार-चमत्कार जपानीत केले की 'वा, काय सुरेख जपानी बोलता!' अशी पावती मिळते. जुने जाणते सांगतात, ही पावती मिळायची बंद झाली की समजावं, आता आपल्याला खरोखर जपानी येऊ लागलं.

वेटरला तरी काय बोलणार? त्याच्या डोक्यावर आणखी आठ टेबलं असतात आणि त्यालाही आपलं इंग्रजी फुकटात घासूनपुसून घ्यायचं असतं. मोडकंतोडकं ऐकून घेणारा कुणीतरी भेटल्याशिवाय परकी भाषा येत नाही, आणि अमेरिकन माणसाच्या वाट्याला नेमका तोच येत नाही. मग तो घरी परततो आणि शेजाऱ्याला सांगतो, 'अरे, तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं. कशाला शिकायचं?' शेजारी आधीपासून तेच म्हणत असतो.

अर्थात अमेरिकन माणूस आईच्या पोटातून एकभाषी आला नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथल्या हायस्कुलांमधली जवळपास चौथाई पोरं जर्मन शिकत होती. मग युद्ध आलं आणि जर्मन कोबीच्या लोणच्याचंसुद्धा 'लिबर्टी कॅबेज' असं बारसं झालं. आयोवाच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये फर्मान काढलं की शाळेत, आगगाडीत, फोनवर, चारचौघांत इंग्रजीच बोलायचं. प्रार्थनासुद्धा इंग्रजीत. देवालाही सवलत नाही.

नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदाच केला की आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. मे १९२० मध्ये रॉबर्ट मेयर नावाचे मास्तर एका लुथरन शाळेत दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन बायबलातली गोष्ट वाचून घेत होते. तेवढ्यात सरकारी वकील दारात येऊन उभा राहिला. मास्तरांनी तिथल्या तिथे इंग्रजी सुरू केलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. मास्तर जर्मनमध्येच शिकवत राहिले. दंड झाला पंचवीस डॉलर. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये मास्तर जिंकले. जर्मन मात्र हरली होती. तोवर हायस्कुलात ती शिकणारी मुलं शंभरात एकही उरली नव्हती. कायदा रद्द करता येतो, पण एकदा बसलेली धास्ती रद्द करायला कुठलं न्यायालय आहे?

ती धास्ती अजून जिवंत आहे. २०१२ च्या निवडणुकीत अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या मिट रॉम्नी यांच्यावर त्यांच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्याने जाहिरातीतून आरोप केला. काय, तर यांना फ्रेंच येतं! आपल्याकडे फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पुढाऱ्याला न कळताही टाळ्या पडतात. तिकडे दुसरी भाषा येणं म्हणजे जवळजवळ दुसरा पासपोर्ट सापडणं.

अडीचशे वर्षं या देशाला राष्ट्रीय पातळीवर अधिकृत भाषा नव्हती आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. १ मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी सही करून इंग्रजीला तो मान दिला. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, नेवाडा, कोलोराडो, फ्लोरिडा ही नावं कुठल्या भाषेतली, असं सहीच्या वेळी कुणी विचारलं नसावं. पुढे जुलैत व्हाइट हाउसमध्ये आफ्रिकेतले पाच राष्ट्राध्यक्ष जेवायला आले. लायबेरियाचे जोसेफ बोआकाई बोलले आणि यजमान भारावून गेले. इतकं सुंदर इंग्रजी शिकलात कुठे, अशी चौकशी झाली. लायबेरियाची अधिकृत भाषा इंग्रजी आहे. अमेरिकेतूनच पाठवलेल्या कृष्णवर्णीयांनी तो देश वसवला आणि त्याची राजधानी मोन्रोव्हिया हिला अमेरिकेच्याच अध्यक्षाचं नाव आहे. पाहुणे बिचारे सभ्य. त्यांनी उलट प्रश्न केला नाही.

खरी गंमत म्हणजे हा देश एकभाषी नाहीच. २०१९ च्या जनगणना खात्याच्या पाहणीत पावणेसात कोटींहून जास्त लोक घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलत होते, म्हणजे पाचातला एक माणूस. पण तिथे भाषेची किंमत बोलणाऱ्याकडे बघून ठरते. गोऱ्या वकिलाची मुलगी स्पॅनिश शिकली की ती हुशार, आणि भांडी घासणाऱ्या बाईचा मुलगा घरून स्पॅनिश घेऊन आला की शाळेपुढे प्रश्न. दोन-तीन पिढ्यांत तो प्रश्न आपोआप सुटतो. नातवाला फक्त इंग्रजी येतं. न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी आजीला विचारा. ती मराठीत हाक मारते, नातू इंग्रजीत ओ देतो.

आणि तरीही मोडकंतोडकं किती पुरतं ते बघा. जून १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी बर्लिनला गेले. जर्मनच्या नावाने शंख. आपल्याकडे गॅदरिंगमध्ये इंग्रजी भाषण ठोकणारं पोरगं ते देवनागरीत लिहून घेतं, तसे या गृहस्थांनी उच्चार स्वतःच्या हाताने अमेरिकन स्पेलिंगात उतरवून घेतले. तो कागद आजही आहे. त्यावर 'बर्लिनर'ची सुरुवात चक्क अस्वलाच्या 'बेअर'ने केलेली दिसते. 'इश बिन आइन बर्लिनर', म्हणजे 'मी बर्लिनकर', एवढे चार शब्द बोलले आणि लाखोंच्या गर्दीने चौक डोक्यावर घेतला. 'सर, इंग्रजीत बोला' असं एकही बर्लिनकर म्हणाला नाही.

असाच ऐकून घेण्याचा धीर एकेकाळी आपणही दाखवला होता. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि १८४२ मध्ये त्यांनी अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं. मिनियापोलिसच्या गेल ऑम्वेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला घर केलं आणि मराठी शाळा उभी केली. जुन्या मराठीचा कोश शं. गो. तुळपुळ्यांच्या जोडीने केला तो ॲन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी. महानुभाव गद्य वाचताना अडलेला मराठीचा प्राध्यापक आज त्याच कोशाची पानं चाळतो. या मंडळींची चिकाटी थोर होतीच. पण माझा अंदाज असा की शेजारपाजारच्या बायाबापड्यांनी त्यांना इंग्रजीत उत्तरं दिली नाहीत, म्हणून ती टिकली.

आजही अमेरिकन विद्यार्थी मराठी शिकायला पुण्यात येतात. वर्गात शिकलेलं वाक्य घेऊन हौसेने बाजारात जातात. 'हे केवढ्याला?' असं विचारलं की समोरून 'टू हंड्रेड, मॅडम, फिक्स्ड प्राइस.' पॅरिसच्या वेटरचे सख्खे भाऊ तुळशीबागेत निघाले!

तेव्हा तुळशीबागेतले दुकानदार, पेठांतले वेटर आणि डेक्कनवरचे रिक्षावाले, सर्वांना हात जोडून विनंती. पुढच्या वेळी एखादी गोरी पोरगी अडखळत मराठीत भाव विचारेल, तेव्हा तिला भाव मराठीतच सांगा. हवं तर पन्नास रुपये चढवून सांगा. फक्त घासाघीसही मराठीतच करू द्या.