राणीछाप रुपयाला डिस्टिंक्शन कसे मिळवून द्यावे

निवृत्तीनंतर काय करावे, या प्रश्नाला ठाण्याच्या नौपाड्यात आजवर तीन मान्यताप्राप्त उत्तरे होती: सकाळी फेऱ्या, दुपारी सोसायटीशी पत्रव्यवहार आणि संध्याकाळी व्याख्यान. आता चौथे उत्तर पुढे येत आहे, ते म्हणजे नाणेसंग्रह. प्रस्तुत मार्गदर्शिका होतकरू संग्राहकांसाठी आहे. ती वाचून कोणी श्रीमंत झाल्यास त्याने अवश्य कळवावे. असे उदाहरण हवेच आहे.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेले ज्येष्ठ तिथल्या चांदीच्या जुन्या डॉलरांविषयी फार आदराने बोलतात. त्यांना नम्रपणे सांगावे, की तो डॉलर कदाचित आपल्याच देव्हाऱ्यात आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडला. लोक नोटा पुढे करून रोख रुपये मागू लागले आणि सरकारी तिजोरीतले रुपये पुरेनात. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढून पाहिली, पण जो वाजवून घेता येत नाही तो रुपया कसला? अखेर १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा केला, २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटिश सरकारला विकली. इथल्या टांकसाळींनी तिचे पंचम जॉर्जचे रुपये पाडले. आजीच्या डब्यातला १९१९ चा रुपया पूर्वजन्मी अमेरिकन नागरिक असण्याची शक्यता आहे, ती अशी.

खुद्द मुंबईच्या टांकसाळीतही १८९५ पासून डॉलर पडत होते. ते हाँगकाँग-सिंगापूरकडच्या व्यापारासाठी. त्यांवर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया उभी असते आणि त्रिशुळाच्या मधल्या टोकावर मुंबईचा बारीक ‘बी’ असतो. लोकलने तासाभराच्या अंतरावर डॉलर पडत असताना ठाणेकर डॉलरसाठी न्यू जर्सीला का गेले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

साहित्य

दहापट मोठे दाखवणारे भिंग. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. लोहचुंबक (फ्रिजवरचा चालेल, गणपतीचा असल्यास नमस्कार करून काढावा). टेबललॅम्प. मऊ कापड, हे नाणे पुसण्यासाठी नव्हे, तर टेबलावर पसरण्यासाठी. आणि गेल्या शंभर वर्षांत काहीही टाकून न दिलेले किमान एक नातेवाईकांचे घर.

पायरी पहिली: राजे ओळखणे

१८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम आहे. १८४० पासून व्हिक्टोरिया राणी. १८६२ पासून तिच्या डोक्यावर मुकुट आला आणि १८७७ पासून ती सम्राज्ञी झाली. सातवा एडवर्ड १९०३ ते १९१० बोडक्या डोक्याने वावरला. मग पंचम जॉर्ज आणि शेवटी सहावा जॉर्ज. घरोघरी या सर्वांना, दाढीवाल्यांनाही, राणीछापच म्हणतात. त्यावर वाद घालू नये. आधी रुपये हातात येऊ द्यावेत.

काही बारकावे पाठ असावेत. १८६२ हे साल सुमारे बारा वर्षे चालले. १८७४ उजाडेपर्यंत रुपयांवर तेच साल पडत राहिले. खरे वर्ष कळावे म्हणून मुंबई टांकसाळीने बारीक ठिपके वापरले, असे अभ्यासक मानतात. ठिपके मोजताना घरच्यांनी हाक मारल्यास पुन्हा पहिल्यापासून मोजावेत.

१९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला, की लोकांना त्यात डुक्कर दिसले. ओरड झाली, बहुतेक रुपये चलनात येण्याआधीच वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्तीला व्यवस्थित सोंड मिळाली. हा रुपया सापडल्यास पाहुण्यांना जरूर दाखवावा. मात्र हत्ती कुठे आहे, हे आपण आधी शोधून ठेवावे.

१९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा होऊन त्यावर वाघ आला. चांदी गेली की वाघ येतो, एवढे लक्षात ठेवल्यास पुरे.

पायरी दुसरी: पहिली खरेदी

पहिली खरेदी नेहमी आत्याकडे करावी. वेळ दुपारी चारची, चहाआधीची. दिवाळीच्या आसपास जाऊ नये, कारण तेव्हा रुपये लक्ष्मीपूजनाच्या कामावर असतात. संवादाचा नमुना पुढे दिला आहे.

“आत्या, तुझ्याकडे पूजेचे जुने रुपये आहेत ना?”

“आहेत की. का रे, विकायचेत?”

“छे गं. नुसते बघायचेत. त्यांचं साल बघायचंय.”

“साल कशाला? चांदीचे आहेत, झालं! तुझ्या आजोबांनी दिलेत.”

“त्यातला एखादा मला...”

“तुझ्या मुलीच्या लग्नात देणारच आहे. आधी तिचं जमव.”

या टप्प्यावर अनेक संग्राहकांची मुले कायमची अडचणीत आली आहेत. तरीही चिकाटी सोडू नये. हट्ट धरावा, पण पैशाचे नाव काढू नये. आत्याला पैसे देऊ केल्यास रुपयाही मिळत नाही आणि चहाही मिळत नाही.

पायरी तिसरी: बाहेरची खरेदी

आत्या संपल्यावर बाजाराकडे वळावे. फोर्टातल्या पदपथावर कापड पसरून नाणी विकणारे असतात, चोरबाजारात ढीग असतात आणि मोबाइलवर तर अख्खे साम्राज्य आहे. विक्रेता “साहेब, तुम्ही जाणकार दिसता” असे म्हणाल्यास पाकीट ताबडतोब आतल्या खिशात ठेवावे.

एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी अशी सोयरीक असलेले नाणे घेऊ नये. कंपनी सरकारने असे नाणे कधी पाडलेच नाही. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, असे सांगणाऱ्याला त्याचीच नाणी त्याच भावात विकायला सांगावे. जुनी नाणी घेण्यासाठी रिझर्व्ह बँक आधी कमिशन भरायला सांगते, असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा. आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाकडे कमिशनही मागत नाही, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

१९३९ चा रुपया अतिशय दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच तो सगळीकडे मिळतो. १९३८ च्या रुपयातल्या शेवटच्या आकड्यावर कारागिरी केली की नऊ होतो. भिंगाखाली तो नऊ आपल्या शेजाऱ्यांशी फटकून वागताना दिसल्यास ते शिल्प म्हणून पाहावे, नाणे म्हणून नव्हे.

पायरी चौथी: तपासणी

१८३५ पासून रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरले आणि त्यात चांदी बारा भागांतले अकरा भाग. जुना तोळाही बरोबर १८० ग्रेनचाच. थोडक्यात, एक रुपया म्हणजे एक तोळा. हल्लीचे सराफ तोळा म्हणताना दहा ग्रॅम धरतात. त्यामुळे आपला रुपया कागदोपत्री तोळ्याहून जड भरतो. त्याचा गर्व करू नये.

काट्यावर वजन ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर एक तर नाणे फार झिजले आहे किंवा विक्रेता फार मुरलेला आहे. नाणे चुंबकाला चिकटले तर तपासणी इथेच संपली. न चिकटल्यास अस्सल असेलच असे नाही; पितळही चिकटत नाही. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी मारावी. खणखणीत, लांबणारा आवाज आला पाहिजे. ही परीक्षा रात्री अकरानंतर घेऊ नये, कारण शेजारी आपल्याकडे किती रुपये आहेत ते मोजतात.

पायरी पाचवी: स्वच्छता

करू नये.

हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत लहान आणि ठाण्यात सर्वांत अवघड नियम आहे. भांडी लखलखीत करणारी पितांबरी मूळची आपल्याच गावची. तिच्या जोडीला घराघरात चिंच, राख आणि दर दिवाळीला नवी उमेद. पूजेचा रुपया काळा ठेवणे म्हणजे घराण्याची नाचक्की. उलट, संग्राहकाला तो काळेपणाच हवा असतो. वर्षानुवर्षे हवेतल्या गंधकाने चांदीवर चढलेली निळसर-करडी झाक ही त्याच्या दृष्टीने रुपयाची अब्रू असते. घासताच ती जाते, भिंगाखाली बारीक ओरखड्यांचे जाळे दिसते आणि रुपयाची किंमत एका सकाळीत चांदीच्या भावावर येऊन टेकते. माणूस पन्नाशीनंतर केसांना काळे करतो आणि तोच माणूस रुपयाचा काळेपणा घासून काढतो. यातल्या कोणत्या कामाला आधी बंदी घालावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

माळेसाठी कडी लावलेल्या रुपयाबद्दल तर बोलूच नये. डाग दिलेल्या जागी व्रण उरतो. कडी काढली तरी ती खूण जात नाही, आणि ती काढल्याचे आत्याला कळल्यास आपणही वाचत नाही.

पायरी सहावी: गुण मिळवणे

नाण्याचे गुण १ ते ७० असतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली ही पट्टी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी बसवली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. १ म्हणजे हे नाणे आहे एवढेच कळते. ६० ते ७० म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर नाणे चलनात वापरलेच गेलेले नाही. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकेतल्या प्रमुख गुणांकन संस्था. त्या नाणे पारखतात, गुण देतात आणि पारदर्शक डबीत कायमचे सीलबंद करतात. घासलेल्या नाण्याला बहुधा आकडाच मिळत नाही. त्याऐवजी डबीवर ‘स्वच्छ केलेले’ असा शेरा येतो. घरात जी स्तुती, तिथे तोच शेरा.

येथे एक कायदेशीर विघ्न आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९१९ चा तो रुपया, ज्याची चांदी जहाजाने अमेरिकेतून आली असावी, तो आता गुणपत्रिकेसाठी अमेरिकेत जाऊ शकत नाही. नौपाड्यातल्या कोणत्याही मुलाची ही अवस्था झाली असती, तर पालकांनी मोर्चा काढला असता. तेव्हा गुणांकन इथल्या इथे कसे करून मिळेल, ते जाणकार विक्रेत्याकडे विचारावे. ते शुल्क रुपयाच्या किमतीहून जास्त निघाले, तर आपण खरे संग्राहक झालात असे समजावे.

पायरी सातवी: स्थानिक श्रेणी

गुणपत्रिका येईपर्यंत पुढील श्रेण्या वापराव्यात.

तिजोरी-उत्तम: आजोबांनी ठेवला, नंतर सगळे विसरले. देव्हारा-मध्यम: वर्षातून एकदा पंचामृत, एकदा चिंच. माळ-साधारण: कडीसह. व्यवहार-सामान्य: राजाचे नाक गेले, साल गेले, फक्त आकार राहिला. हा शेवटचा रुपया बाजारात खरोखर वापरला गेला. त्याने धान्य आणले, गाडीचे तिकीट काढले, कुणाची ओटी भरली. शेल्डन यांच्या पट्टीवर त्याला जेमतेम एक-दोन गुण मिळतात. ज्याने आयुष्यात काहीच केले नाही, त्याला पासष्ट. या पद्धतीविरुद्ध तक्रार करू नये. नौपाड्यातल्या सेवानिवृत्तांच्या संमेलनातही मानाचे पान कोणाला मिळते ते आठवावे.

विक्रीची वेळ आल्यास सराफ गुणपत्रिका बाजूला सारतो, रुपया काट्यावर टाकतो, घट वजा करतो आणि चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने आकडा सांगतो. त्याच्याशी शेल्डन या विषयावर बोलू नये.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डबीबंद रुपया चौरंगावर ठेवण्यास हरकत नाही. हळद-कुंकू डबीवरूनच वाहावे आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. डबी मात्र उघडू नये. लक्ष्मी प्रसन्न झाली तरी शुल्क परत मिळत नाही.